दाजीबा मास्तर आणि उन्हाळ्याच्या शाळेचे पाठ

माझ्या आयाबहिणींनो, वडील मंडळींनो, आणि सकाळच्या गाडीने कल्याणहून आलेल्या पाहुण्यांनो,

तुम्ही मला बोलायला उभं केलंत खरं, पण उभं राहण्यापलीकडे आत्ता माझ्याच्याने काही होईल असं वाटत नाही. बायकांनी भर सभेत बोलायची आपल्यात फारशी रीतही नाही. पाळकबुवा काल घरी आले आणि म्हणाले, "भागीरथीबाई, मास्तरांच्या बरोबरीने मुलांना शिकवलंत ते तुम्ही. तुम्हीच बोला." नाही कसं म्हणणार?

गोदावहिनी, तुम्ही समोरच बसला आहात. तुमच्याकडे बघितलं तर मला शब्द फुटायचा नाही. म्हणून मी त्या मागच्या दाराकडे बघून बोलते. राग मानू नका.

आपले दाजीबा मास्तर गेले. छातीचं दुखणं होतं, ते हिवाळ्यापासून वाढतच गेलं. गेल्या आठवड्यात आपण सगळ्यांनी मिळून त्यांना माती दिली. आणि अजूनही मला वाटतं, की ते छत्री आपटत आत येतील आणि म्हणतील, "बाई, आवरा. फार लांबतंय."

मास्तर कसे होते हे मी तुम्हाला काय सांगणार? इथल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी पिळलेले आहेत. हसा, हसा. हसलात तर त्यांना आवडेल. ते गीत म्हणायला उभे राहिले की पेटीचा सूर एकीकडे आणि मास्तर दुसरीकडे. आणि चूक पेटीची आहे, असं ते शेवटपर्यंत म्हणत आले. भांडत तर सगळ्यांशी. पाळकबुवांशी, मिशनच्या मड्डमसाहेबांशी, माझ्याशी रोज. पण भांडण संपलं की, "तुमच्या गोदावहिनींना ताक द्यायला सांगतो, पिऊन जा." ताक न पिता त्यांच्या घरून कोणी रागावून गेलंय, असं मला तरी आठवत नाही.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्या मुलांची उन्हाळ्याची शाळा सुरू झाली त्या वर्षाची.

ते पटकीचं वर्ष होतं. होळीच्या आगेमागे साथ आली. कुणाच्या घरचं माणूस गेलं नाही? मास्तरांची मनू गेली. एकुलती एक लेक. आदल्या सकाळी ती माझ्यापुढे बसून पाढे म्हणत होती. जोरजोरात म्हणायची, बापासारखीच. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही तिला पुरून परत आलो.

सुट्टीत शाळा बंद असते, आईबाप मिठागरावर, पोरं उन्हात भटकतात. म्हणून वैशाखात रोज सकाळी मुलांना इथे प्रार्थनामंदिरात जमवावं, शास्त्रातलं शिकवावं, गाणी म्हणावीत, असं साथीच्या आधीच ठरलं होतं. साथीनंतर पाळकबुवा म्हणाले, यंदा राहू द्या. मास्तर म्हणाले, "यंदाच हवी."

मग पाठ कोणते निवडायचे, त्यासाठी आम्ही मास्तरांच्या ओटीवर जमलो. पाळकबुवा, मड्डमसाहेब, मास्तर आणि मी. मड्डमसाहेबांनी विलायतेहून आलेली चित्रं आणि छापील पाठ आणले होते. पहिल्याच चित्रात बर्फ, आणि केसाळ कोट घातलेली मुलं. मास्तरांनी ते चित्र खूप वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मड्डमसाहेब, आमच्या पोरांना आधी थंडी शिकवावी लागेल." मड्डमसाहेब इतक्या हसल्या, की त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

पाळकबुवांना प्रश्नोत्तरं हवी होती. मुलांनी दहा आज्ञा पाठ कराव्यात, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "निम्म्या मुलींना अक्षर येत नाही. त्यांना गोष्टी सांगू या. गोष्ट ऐकायला वाचता यावं लागत नाही." मास्तर माझ्या बाजूने बोलले. असं फार क्वचित होई, म्हणून पक्कं लक्षात आहे. हरवलेल्या मेंढराची गोष्ट आली, तेव्हा मास्तर म्हणाले, "इथे मेंढरू कुणी पाहिलंय? बकरी म्हणू." पाळकबुवा म्हणाले, "शास्त्रात मेंढरू आहे!" मेंढरू की बकरी, त्यावर सगळी दुपार गेली. शेवटी मेंढरूच राहिलं. पण सांगताना मास्तरांनी बकरीच सांगितली. पाळकबुवा, तुम्हाला हे माहीत होतं ना? मान हलवताय, म्हणजे होतं.

आणि मग ती गोष्ट आली. एका अधिकाऱ्याची मुलगी मरून पडली होती, आणि प्रभूने तिचा हात धरून तिला उठवलं, ती.

 पाळकबुवांनी ते चित्र हळूच पालथं घातलं. मड्डमसाहेब त्यांच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "ही नको. ही पुढच्या साली."

मास्तरांनी चित्र उलटून परत वर ठेवलं. "ही ठेवा."

"मास्तर," पाळकबुवा म्हणाले, "मुलं विचारतील."

"विचारू देत."

"काय सांगाल?"

"ते अजून मला कळलेलं नाही. पण हीच तेवढी गाळली, तर आपण कशाला घाबरतो ते पोरांना बरोबर कळेल."

आत गोदावहिनी तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला. त्या दारात आल्या. वहिनी, मी हे सांगू ना? तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या लेकीच्या मैत्रिणींपुढे ही गोष्ट सांगायची नाही. तुम्हाला माझी शपथ आहे."

 सगळ्यांशी भांडणाऱ्या मास्तरांनी ते चित्र उचललं आणि वेगळं ठेवलं. त्या दिवशी आम्ही ताक न मागता उठलो.

शाळा सुरू झाली. इथे, ह्याच जागी. सकाळी गाणी, मग गोष्ट, मग बाहेर चिंचेखाली खेळ. वहिनी रोज पन्हं करून आणत. पन्हं ठेवायच्या आणि कुणाशी न बोलता निघून जायच्या. मनू गेल्यापासून त्या कुणापुढे रडल्याही नव्हत्या.

एके दिवशी त्या पन्हं घेऊन आल्या, आणि चिंचेखाली मुलं खेळत होती. कळव्याच्या मिठागरावरची बायजी डोळे मिटून आडवी पडली होती. बाकीच्यांनी तिला चादरीत उचललं होतं. पुढे चालणारा पोरगा गीत म्हणत होता. त्यांनी तिला नेऊन ठेवलं, वर पाला टाकला, आणि सगळी गप्प उभी राहिली.

मी धावले. मला त्यांना ओरडायचं होतं. वहिनींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "ओरडू नको गं. त्यांनी पुरणंच तेवढं पाहिलंय."

 मग मास्तरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "उद्या ती गोष्ट सांगा. मी पण ऐकायला बसते."

दुसऱ्या दिवशी वहिनी मुलींच्या रांगेत बसल्या, जमिनीवर. मास्तर उभे राहिले. त्यांचा तो मोठा आवाज तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी मागच्या मुलांना पुढे सरकावं लागलं, इतका तो बारीक निघत होता. पण गोष्ट त्यांनी सगळी सांगितली. बाप कसा धावत आला. लोक कसे म्हणाले की आता उपयोग नाही, प्रभूला त्रास देऊ नको. प्रभू तरी कसा त्या घरी गेला. मुलगी उठली, आणि तिला काहीतरी खायला द्या, असं त्याने सांगितलं. एवढं सांगून मास्तर थांबले.

बायजी उभी राहिली. मनूची जिवाभावाची मैत्रीण ती. म्हणाली, "मास्तर, मंग आपली मनू का नाय उठली?"

बंधूंनो, भगिनींनो, मी तेव्हा खाली बघितलं. पाळकबुवांनी डोळे मिटले. आणि मास्तर काय म्हणाले?

मास्तर म्हणाले, "मला ठाऊक नाही, बायजी."

मग म्हणाले, "मी रोज विचारतो. रोज प्रार्थनेत हेच विचारतो. अजून उत्तर आलेलं नाही."

"रोज इचारतां?"

"रोज."

बायजीला ते पुरलं असावं. ती खाली बसली. पण वहिनींना हुंदका आला. होळीपासून अडवून धरलेलं सगळं रडू बाहेर आलं. पोरी घाबरतील असं मला वाटलं. एकही घाबरली नाही. बायजी सरकत सरकत आली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मग दुसरी आली. मग वहिनी दिसेनाशाच झाल्या, एवढ्या मुली त्यांच्याभोवती.

मास्तर तिथेच उभे होते. छत्री हातात, छपराखाली उभे असून. मला म्हणाले, "बाई, गीत सुरू करा. माझ्याच्याने होणार नाही." ते गीत म्हणणार नाहीत असं म्हणाले, तो तेवढा एकच दिवस.

पुढच्या दिवशी चिंचेखाली तोच खेळ. तीच चादर, तीच बायजी. पण ह्या वेळी कुणीतरी तिचा हात धरला, आणि ती उठली, आणि म्हणाली, "भूक लागली." सगळी पोरं चिंचा गोळा करायला पळाली. वहिनी पन्हं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पहिला पेला तिला दिला. मास्तर खिडकीतून बघत होते.  

मी मोठी शिकलेली बाई नाही. प्रवचन करता येत नाही. मास्तरांना देवाचं सगळं कळलं होतं, असं मी म्हणणार नाही. त्यांनीच ते कधी म्हटलं नाही. पण मुलांपुढे ते खोटं बोलले नाहीत, आणि मुलांना सोडूनही गेले नाहीत. त्यानंतर इतके उन्हाळे आले. एका उन्हाळ्यातही त्यांनी शाळा चुकवली नाही. मेंढराच्या जागी बकरीही कधी चुकवली नाही.

पंचमंडळींनी मला विचारलंय, यंदा वैशाखात काय करायचं? शाळा भरेल. पाठ निवडायला आम्ही मास्तरांच्याच ओटीवर बसू. गोदावहिनी, तुम्ही आत बसायचं नाही, आमच्यात बसायचं. कल्याणकरांनीही आपली मुलं पाठवावीत. जेवायची, राहायची सोय आम्ही करू.

आता मी थांबते. सगळे उभे राहू या, आणि थोडा वेळ काही न बोलता मास्तरांची आठवण करू या. लहान मुलं गप्प राहायची नाहीत. चुळबुळतील, कुजबुजतील. त्यांना कोणी दटावू नका.

मास्तर, सलाम.