तांब्याभर नाला

विषय : भांडुपचा पावसाळी नाला मैल्याच्या गटारात वळवण्याबाबत. संदर्भ : हिराबाई कोळिणीचा अर्ज.

हसू नका. नोकरी संपली तरी माझी सुरुवात अशीच होते.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. आमच्या कचेरीत पावसाच्या पाण्याचा विभाग वेगळा, मैल्याचा वेगळा. मी पहिल्यात कारकून. हिराबाईचं म्हणणं साधं होतं. वस्तीची घाण नाल्यातून खाडीत येते, तिच्या कोलंबीला वास मारतो आणि बाजारात कुणी टोपलीला हात लावत नाही. तेव्हा नाला गटाराला जोडा.

साहेब म्हणाले, "बाई, हा पावसाळी नाला. यात पावसाचंच पाणी वाहतं. ते गटारात सोडता येत नाही."

"सायबा, चैत चाललाय. पाऊस कवा परला?"

"गेल्या वर्षी."

तिनं टोपलीतून तांब्या काढून साहेबांच्या फायलीवर ठेवला. आत नाल्याचं पाणी. "पावसाचा हाय ना? मंग पी."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "गणपत, हे आधी संडासात ओत."

शिपाई ओतून, साखळी ओढून परत आला. हिराबाईनं रिकामा तांब्या घेतला. "तांब्याचा काम झाला. आता नाल्याचा तेवरा कर."

"नोंद घ्या," साहेब मला म्हणाले. मी घेतली : "आज नाल्याचे एक तांब्या पाणी साहेबांच्या आदेशाने मैल्याच्या गटारात वळवण्यात आले. कोणतीही अडचण आली नाही." साहेबांनी न वाचता सही केली.

फाईल अभिप्रायासाठी मैल्याच्या विभागाकडे गेली. मी निवृत्त झालो तेव्हा अर्ज विचाराधीन होता.