बॉक्स्टीचा पत्रा

इमेल्डा : तो पत्रा परत पिशवीत टाकू नकोस, ताई. धुऊन दे इकडं. लॉजच्या जेवणघराच्या भिंतीवर टांगायचाय.

अट्रॅक्टा : बाबांनी खिळ्यानं भोकं पाडली ती बटाटे किसायला. टांगलास तर उद्या बॉक्स्टी कशावर करू?

इमेल्डा : स्लायगोहून नवी किसणी आणलीय. पाहुण्यांना जुन्या वस्तू आवडतात. काल ते जर्मन जोडपं विचारत होतं, या बटाट्याच्या भाकरीला बॉक्स्टी का म्हणतात.

अट्रॅक्टा : काय सांगितलंस?

इमेल्डा : भट्टीघराला आपल्या आयरिशमध्ये जो जुना शब्द आहे ना, त्यातून आलाय म्हटलं. भट्टीतली भाकरी.

अट्रॅक्टा : आपल्या घरी कधी होती भट्टी?

इमेल्डा : आजी चालवायची, असं सांगितलं.

अट्रॅक्टा : आजी गरीबखान्यात वाढली, इमे. तिची आई दुसऱ्या इमारतीत, ही इकडं. 'आरान बॉख्त टी' म्हणायची ती. गरीबखान्याची भाकरी.

इमेल्डा : खरा अर्थ कुठला, ते शिकलेल्यांनाही नक्की ठाऊक नाही. मग मी त्यातला बरा घेतला. सकाळी नाश्त्याला गरीबखाना कोण ऐकून घेईल?

अट्रॅक्टा : घे की. जे बरं असेल ते तुलाच मिळत आलंय. कीस फडक्यात पिळला की पाण्याच्या तळाशी खळ बसायची. आई ती कुणाच्या कॉलरला लावायची?

इमेल्डा : माझ्या.

अट्रॅक्टा : शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, चांगल्या घरची दिसते पोर. आणि मी शाळा सोडून घरी किसत बसलेली. किसात कधी कधी माझ्या बोटाची सालंसुद्धा असायची.

इमेल्डा : मी मागितलं नव्हतं हे.

अट्रॅक्टा : नव्हतंस. विचारलंही नाहीस कधी. बरं, काल मी तवा घेऊन आत आले, तेव्हा ती जर्मन बाई माझ्याकडं बघून काय म्हणाली?

इमेल्डा : ही कोण, म्हणून.

अट्रॅक्टा : मग?

इमेल्डा : स्वयंपाकाला येते म्हटलं. भट्टीवाली आजी सांगून बसले होते, ताई. त्यात तुझे हात... कसं जुळवणार होते मी?

(अट्रॅक्टा पत्रा पुसते आणि काखेत धरते.)

इमेल्डा : अगं, उद्या सगळी टेबलं भरलीत. निदान चहा तरी घे.

अट्रॅक्टा : नवी किसणी आहे ना. बोटं सांभाळ.

इमेल्डा : ताई, कोट विसरलीस. पुढच्या दाराशी आहे.

अट्रॅक्टा : राहू दे. मी मागनं जाते. पुढं तुझे पाहुणे बसलेत.