दोन काठांचे भोंगे

नाही म्हणजे नाही, पोरी — तुझ्या संचालकांना सांग, थुंगबाईंनी साफ नकार दिला. तू चहा घे. सूर्यफुलाच्या बिया घे, टरफलं इथेच टाक, मी झाडते नंतर. काय म्हणतेस, अख्ख्या हेइह गावात माझ्यासारखी रशियन कुणाला येत नाही? अगं, ते मला ठाऊक आहे! हार्बिनला झिनाइदा आर्काद्येव्नांनी शिकवलंय मला, खास लेनिनग्राडच्या होत्या — जिभेखाली आगकाडी धरायला लावून ‘र’ घोळवून घ्यायच्या, चुकलं की आगकाडी मोडायची आणि दुपारचं जेवण बंद! तेव्हा सोव्हिएत म्हणजे आपला थोरला भाऊ. भिंतीभिंतीवर लिहिलेलं — त्यांचा आज तोच आपला उद्या. आणि मग साठ साली एका महिन्यात थोरला भाऊ उठला आणि चालता झाला. बाई गेल्या, इंजिनियर गेले, पुलांचे नकाशेसुद्धा गुंडाळून नेले. भाऊ-भाऊ भांडले की वाटणी होते, बरोबर? आमच्या वाटणीला व्याकरणाची पुस्तकं आली.

मग मी इथे शाळेत शिकवायला लागले. शिकवतेय कसली — शत्रूची भाषा! वर्गात पोरं कमी कमी होत गेली. आणि एकोणसत्तरला तिकडे सरहद्दीवर उसुरी नदीतल्या बेटावर आपल्या आणि त्यांच्या शिपायांत गोळ्या झडल्या, तशी मला गावच्या क्रांती समितीनं उचलून नदीकाठच्या भोंग्यावर बसवलं. रोज दोनदा, सकाळी दहाला आणि दुपारी चारला, नदीपलीकडच्या रशियन गावाला, हायलानपाओला, शिव्या घालायच्या — सुधारणावादी गद्दार, नवे झार, काय काय. आणि मी घालायचे कशा, तर लेनिनग्राडच्या उच्चारात! झिनाइदाबाईंनी ऐकलं असतं तर विभक्तीची एकही चूक सापडली नसती त्यांना. हसतेस काय? हस. मीही हसते आता.

तर पलीकडूनही भोंगा होता. आमचं संपलं की त्यांचं सुरू. तिकडचा माणूस चिनी बोलायचा — आणि कसं, तर अगदी शान्तुंग प्रांतातल्या कोबीवाल्यासारखं! कुठे शिकला होता देव जाणे. ‘चिनी नेतृत्वाचा साहसवाद’ असले मोठमोठे शब्द, आणि हेल मात्र ‘कोबी घ्याऽ कोबी’चा. आपली माणसं काठावर बर्फ फोडता फोडता थांबून ऐकायची. तोंडावर हसायची सोय नव्हती, म्हणून मफलरमध्ये हसायची. मी त्याला पाहिला नव्हता कधी. पण वर्षभर रोज ऐकलं की माणूस कळतो, नाही का? सर्दी झालीय, रात्रीची झोप झालेली नाही, आज खुशीत आहे — सगळं कळायचं. मला कळायचं, तसं त्यालाही कळत असणार हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात माझा घसा बसला. तरी नेऊन बसवलंच मला — क्रांतीला कसली सर्दी! कशीबशी खरखरत शिव्या संपवल्या. आणि पलीकडचा भोंगा खरखरला, तो म्हणाला — पोरी, अख्ख्या गावानं ऐकलं — म्हणाला, ‘पलीकडच्या बाई, घसा बसलाय तुमचा. नासपती खडीसाखरेत उकडून खा. गरम गरम खा. — हां, तर चिनी नेतृत्वाचा साहसवाद…’

झालं. दोन अण्वस्त्रवाली राष्ट्रं, मधे गोठलेली नदी, आणि हा मला नासपती उकडायला सांगतोय! त्याच संध्याकाळी समितीनं मला गोदामात नेऊन कोंडलं. शत्रूला तुझ्या घशाची काळजी का? तुमचा संकेत काय? नासपती म्हणजे कोण? खडीसाखर म्हणजे काय? तीन दिवस. उभं राहायचं, बसायचं नाही. मी म्हटलं, नासपती म्हणजे नासपती. त्यांना पटेना. म्हणाले, मधला माणूस कोण ते सांग आणि घरी जा.

मधला माणूस कुठून आणू? नव्हताच कुणी. पण आमच्याकडे भोंग्याच्या तारा जोडायला छ्याओदादा होते — तू ओळखतेस, तुमच्या ऑफिसचा पंखा तेच दुरुस्त करतात. ते माइक तपासताना शीळ घालायचे. फुंकर मारायची सोडून शीळ! आणि ती चाल रशियन असायची, त्यांनाही माझ्यासारखीच हार्बिनला लागलेली सवय. तर मी तेवढंच म्हटलं — छ्याओ माइकवर रशियन चाल वाजवतो. खोटं नव्हतं ते. एक अक्षर खोटं नव्हतं, पोरी.

दादांना सात वर्षं. लाकूडतोडीच्या छावणीत. दोन बोटं गारठून गेली आणि डावा कान गेला. आणि मला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला परत भोंग्यावर बसवलं. पलीकडे नवा आवाज होता, पुस्तकी, एकदम शुद्ध. त्याचंही काही झालं असणार. माझ्या घशापायी.

नाही गं, दादांना कुठलं माहीत! त्यांना वाटतं समितीच्या प्रमुखानं आकसानं अडकवलं. तो मेलासुद्धा, त्याच्यावर खपतंय. दादा परत आले तेव्हा मी कोबीचे मोमो घेऊन गेले होते, ते खाता खाता म्हणाले, बाई, गावात तुम्ही एकट्या आलात. तेव्हापासून रोज चहाला येतात इथे. बारा वर्षं होतील. कोणत्या तोंडानं सांगू? आज सांगते, उद्या सांगते…

आता तूच सांग मला, गेल्या शरदात मी काय करायला हवं होतं. दिलजमाई झाली, कलिंगडं तिकडे आणि खत इकडे असा सौदा ठरला, धक्क्यावर लाल कापड, बॅण्ड. मी दुभाषी म्हणून उभी. बोटीतून त्यांचा म्हातारा दुभाषी उतरला, तोंडात स्टीलचे दात — आणि माइकवर म्हणतो कसा, त्याच कोबीवाल्या हेलात, ‘या काठावर एक बाई होत्या, लेनिनग्राडची भाषा बोलायच्या. आहेत का हो?’ सगळे माझ्याकडे वळले. आणि माइकची तार धरून उभे कोण? छ्याओदादा. उजवा कान पुढे करून, हसत.

एक शब्द बोलले असते तर म्हाताऱ्यानं ओळखलं असतं. ओळखलं की विचारलं असतं — बऱ्या झालात का, पुढे काय झालं? चांगला माणूस आहे, विचारलंच असतं. आणि दादांसमोर मी काय उत्तर देणार होते? कुठल्या भाषेत? मी नाही म्हणून मान हलवली, तोंड मिटून उभी राहिले. तुझ्या संचालकांनी स्वतःच रशियनमधून भाषण ठोकलं मग — ‘खत’ म्हणायचं तिथे एक स्वर चुकला आणि झालं ‘मंजुरी’. आम्ही कलिंगडं देतो, तुम्ही मंजुरी द्या! पाहुणे पोट धरून हसले. म्हातारा मात्र हसला नाही. गर्दीत शोधत राहिला.

देशांचं बरं असतं. भाऊ, मग वैरी, मग व्यापारी — पेपरात छापून आलं की झालं. मागचं मिटलं, पुढचं उघडलं. कुणाला कुणाच्या घरी जाऊन काही सांगावं लागत नाही.

तो म्हातारा गुरुवारी परत येतोय हे मला कशाला सांगतेस? माझं नाव कुणी दिलं त्याला? …तू? अगं, का? — आणि ते काय लिहून घेतेयस? दाखव. खोड ते. खोड आधी! हे मी तुला कशाला सांगत बसले — तू फक्त विचारायला आली होतीस, येणार की नाही.

श्… जिना वाजतोय. वही आत टाक. गुरुवारी दुसरं कुणी बघा, मी गावात नाही. — या, दादा, या. ही? ऑफिसातली पोर. निघालीच आहे. नाही हो, काही बोलत नव्हतो आम्ही… ऊठ ना गं. जा आता.