श खाल्लेलं पोस्टर

नशाबंदी लिवायचं तिथं म्या नसबंदी लिवलं. बारा पोस्टरांवर लिवलं, लाल रंगात, काळी सावली देऊन, चालत्या एस्टीतून वाचता यावं एवढं मोठं लिवलं, आणि दिवस आणीबाणीचं. तुमी हसताय, पण तवा कुणी हसलं न्हाई.

मी मूळचा आटपाडीकडचा. आमच्यात रंग म्हणजे बेंदराचा, बैलाच्या सिंगांना लावायचा, दुसरा रंग म्या लय दिवस बघितलाच न्हाई. पण सिंगं अशी रंगवायचो, बैल हलला तरी रेघ हलायची न्हाई. त्यावर फुगलो आणि सांगलीला एका पेंटरकडं अक्षरं सिकाय गेलो. ते वस्ताद म्हणायचं, गड्या, पोस्टर वाचणारा एस्टीच्या खिडकीत बसलेला असतोय, एस्टी म्होरं गेली की तुझं पोस्टर मेलं, तवा एकच सबूद मोठा काढ आणि बाकीच्यांनी त्याच्या पायाला बसावं. हे म्या काळजावर गोंदून घेतलं. सुद्धलेखनाचं त्यांनी कवा सांगितलं आसंल त्या रोजी मी गेलो नसंन.

तर तासगावात स्टँडजवळ दुकान टाकलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं लिवायचो, आणि एक दिवस कडेगावच्या रस्त्याला गाव असलेलं ज्ञानू हवालदार आलं. पलटणीतनं पेन्सिनीवर आलेला माणूस, ह्या एवढाल्या मिसा, म्हणजे ओठावरच्या म्हणतोय मी, लोकं आत टाकायच्या त्या कायद्यातली न्हवं. त्यांच्या जत्रंचं पुढारपण त्यांच्याकडं. म्हणालं, पेंटर, अवंदा जत्रंत दारू बंद, नसाबंदीचं कुस्ती मैदान घेतोय, झकास पोस्टर काढ, माणूस लोटलं पाहिजे. आता काय सांगू तुम्हाला, आमच्याकडं श कुणाच्या तोंडात बसतच न्हाई, साळा म्हणतो, सिकार म्हणतो, तशी नसा. हवालदार नसाबंदी म्हणालं, म्याबी तेच ऐकलं. पण भिंतीवर, दवाखान्यावर, एस्टीच्या पाठीवर रोज जो सबूद दिसायचा तो नसबंदी, डोळ्यात त्योच बसलेला. मला वाटलं, हवालदार काना जास्तीचा लावत्यात. म्या आपला काढून टाकला, म्हटलं मोठ्या माणसाला कशाला लाजवा. अर्थाचं म्हणाल, तर तवा सरकारी सबूद कुठंबी लावायचं लोक, साहेबाला बरं वाटावं म्हणून. कुस्तीला लावला तर काय बिघडलं?

मग डिझाइनला बसलो. आदी पैलवानांची नावं, देवीचं नाव, पंचांची नावं समदं घातलं हुतं, ते वस्तादांची एस्टी आठवून येकेक खोडत गेलो. वर तेवढा त्यो सबूद ठेवला. मधी दोन पैलवान, एक वर बसलेला, दुसरा खाली दाबलेला, खालच्यानं तोंड वासलेलं. त्याच्या खाली, सर्वांनी यावे, येणाऱ्या प्रत्येकास तुपाचा डबा. मल्लास लिवायचं हुतं, पण जागा पुरंना. कुस्ती हा सबूद म्या बारीक काढला, म्हटलं चित्र हायच की. लांब जाऊन बघितलं आणि माझं मलाच भारी वाटलं.

जत्रंदिवसी गेलो तर मैदानात हलगी घुमतीया आणि माणूस एक न्हाई. पैलवान लांगा कसून एकमेकाकडं बघत्यात. हवालदार म्हणालं, पेंटर, लोकं कुठं गेली रं? मी म्हटलं, ऊन हाय, येतील. तवर म्हसरं घेऊन एक म्हातारा आला, म्हणाला, आवं हवालदार, तुमीबी आसं करावं? त्यो बोर्ड वाचून दोन गावचं गडी पळालं की उसात! हवालदारांनी मैदानाच्या तोंडाला लावलेलं पोस्टर गाठलं, बोट लावून येक येक अक्षर वाचलं, न, स, बं, दी, आणि माझ्याकडं वळलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत रस्त्यावर जीप थांबली. सरकारी जीप. हलगीवाला हलगी टाकून पळाला, पैलवान तसंच लांग्यावर पळालं, आणि मीबी घुसलो उसात.

आत सा जण बसल्यालं. एक म्हणाला, कोण रं तू? म्हटलं, पाव्हणा हाय. त्यो म्हणाला, बस खाली, आवाज करू नगंस, त्या चित्रातला खालचा गडी बघितलास का कसा आरडतोय, माझ्या आईनं ते बघून दोन दिस भाकरी खाल्ली न्हाई. दुसरा म्हणाला, आणि वर सरकारी दवाखान्यावानी तूप देत्यात, भाड्या! ज्यानं ते काढलंय त्यो घावू दे, बोटं छाटतो त्याची. मी म्हटलं, छाटाच. मग त्याची नजर माझ्या हातावर गेली. तुझी बोटं लाल कशानं रं? म्हटलं, मुंग्या चावल्या. आणि दोन्ही हात मनगटापतोर चिखलात खुपसलं. छाती अशी वाजत हुती, मला वाटलं भायेर हलगीच चालू झाली.

तेवढ्यात बांधावरनं पलटणीतला आवाज, पेंटर, भायेर ये, साहेब बोलावत्यात! सा जणांनी येकदम माझ्या चिखलातल्या हातांकडं बघितलं. म्होरं जीप, मागं ही सा जणं. म्या जीप धरली, म्हटलं ते निदान बेसुद्ध करून कापतील.

साहेब चस्मा पुसत म्हणाले, हे तुम्ही काढलं? व्हय साहेब, चुकलं, श ऱ्हायला. म्हणाले, आमची नसबंदीची पोस्टरं वर्षभर लागलेली आहेत, एक माणूस वाचत नाही, तुमचं वाचून दोन गावं पळाली. ह्यो सिव्या देतोय का साबासकी, मला कळंना. मग हळूच इचारलं, मुलं किती? म्हटलं, साहेब, अजून लगीन न्हाई. त्यांनी सिपायाकडं बघितलं, सिपाई कागदावर लिवाय लागला, आणि म्या दोन्ही हातांनी लेंग्याची नाडी धरली. साहेब म्हणाले, नाव लिहून घेतलं आहे, सूर्य मावळायच्या आत बाराही पोस्टरं दुरुस्त झाली पाहिजेत, नाहीतर मी आहे आणि तुम्ही आहात.

मग काय, लाल रंगाचा डबा घेऊन या एस्टीतनं त्या एस्टीत, ह्या स्टँडवर उतर, त्या चावडीवर चढ, स चा श कर, काना घुसव. घाईत एका श ला तर सेपूट फुटलं. बारावा श झाला तवा सूर्य कासराभर वर हुता. देवाची किरपा.

आठ दिसांनी मैदान पुन्यांदा भरवलं, माणसावर माणूस! मी मागं उभा ऱ्हाऊन बघितलं आणि डोळ्यांतनं पाणी आलं. तवापासनं दुकानात येईल त्याला सांगतोय, बगा, एका श नं मैदान भरलं, ह्याला म्हणत्यात पोस्टर.

आता ते दिवस गेलं. लगीन झालं, दोन पोरी हायत, ब्रस हाय तवर भाकरी हाय, आपली काय तक्रार न्हाई. तेवढी जीप थांबली की अजून सिडीवरनं खाली उतरतो. परवा हवालदार ट्रॉली रंगवाय आलं, तर त्यांच्या देखतच एका गिऱ्हाइकाला ही श ची गोष्ट सांगितली, म्हटलं इचारा की हवालदारास्नी. त्यांनी मिसा पुसल्या, म्हणालं, लेका, तुझी बाराच्या बारा पोस्टरं दुसऱ्या दिवसी फाडून बंबात घातली आणि गावोगाव दवंडी दिली, तवा कुठं माणूस आलं.