मुक्कामाला बसलेली धडधड

मंडळी, ऐका! लग्नातला कोट आज कुणाच्या अंगात शिरतो? हसताय? मग विसाव्या वर्षी डॉक्टरनं दिलेला शब्द एकाहत्तराव्या वर्षी कसा हो लागू पडेल?

आंबेवाडीचे केरबा! सप्ताहात दुपारी दोन ते चार वीणेचा पहारा त्यांचा — चाळीस वर्षं! वीणा गळ्यात घालून उभं राहायचं, नाम घ्यायचं. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. दुसऱ्याच्या गळ्यात गेल्याशिवाय पहारेकरी हलत नाही.

विशीत केरबांच्या छातीत धडधड झाली होती. डॉक्टरनं तपासलं, म्हणाला, "चुकार ठोका आहे. हृदय ठणठणीत. चहा कमी कर." खरंच होतं ते — तेव्हा! पण केरबांनी तो शब्द देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

त्यांची बायको ठकूबाई. महिनाभर बघत होती — ओटा चढला की म्हातारा धापा टाकतो. मनगट धरलं, तर नाडी कधी धावते, कधी अडखळते, कशाचा कशाला मेळ नाही!

"आरोग्य उपकेंद्रात चला."

"अगं, जुना पाहुणा आहे. पन्नास वर्षं येतोय, जातोय."

"पूर्वी जायचा हो! आता मुक्कामाला बसलाय!"

सप्ताहाचा पाचवा दिवस. दुपारचे तीन. केरबांचे ओठ पांढरे, पाय लटपटतायत — आणि हात वीणेवर घट्ट!

"अहो, घ्या की कुणीतरी!" ठकूबाई ओरडली.

एक म्हणे, माझा पहारा चारचा. दुसरा म्हणे, बाईनं मध्ये बोलू नये. वा रे भक्त! माणूस कोसळला तरी चालेल, वेळापत्रक कोसळता कामा नये!

ठकूबाईनं पदर खोचला. केरबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि दोन्ही हात पसरले. आता? पाया पडून वीणा मागेल त्याला नाही म्हणायचं नाही — गावाचाच नेम! बाईला वगळा, असं कुणी सांगितलं होतं?

केरबा पुटपुटले, "जड आहे गं."

"पन्नास वर्षं तुम्हाला पेललंय. द्या!"

दिली! दोघा टाळकऱ्यांनी म्हाताऱ्याला उचलून उपकेंद्रात नेलं. सिस्टरनं नाडी बघितली आणि तडक तालुक्याला धाडलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तरुणपणी चुकार ठोका बहुतेकदा आपला आपण जातो. ही धडधड वेगळी. या वयात हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरतो, रक्त साचतं, गुठळी होते. ती मेंदूत गेली की अर्धं अंग जातं! वेळेत आलात."

केरबांनी काय विचारावं? "ती दमली असेल हो. कुणी पाणी दिलं का तिला?"

तिकडे देवळात ती वीणा गळ्यात घालून उभी होती. डोळे वाहत होते, नाम चालू होतं. चारला सुटली ती धावतच तालुक्याला निघाली.

मंडळी, रोज देवाला म्हणता — माझ्या हृदयात राहा! त्या घराच्या भिंती हलतायत का, हे बघायला कुणी जायचं? देवानं?

जयजयकार नंतर. टाळ खाली ठेवा. शेजारच्या म्हाताऱ्याचं मनगट धरा — हो, आत्ताच! आणि गप्प बसून ऐका.