खात्री कोण देईल?

तुमी पोरांचे बायोडाटा करताय म्हणून सांगतो. सव्वीस वर्षं मी कापडाचे माग दुरुस्त केले, कुणी कागद मागितला नव्हता. कारखाना बंद पडला, चिंचोळी एमआयडीसीत काम मागायला गेलो आणि पहिल्यांदा बायोडाटाचा कागद मागितला.

लेक म्हणाली, "पप्पा, वेबसाइटवर फुकटात होतंय." ती वेबसाइट पदवी लिहिल्याशिवाय पुढंच जाईना. मग पैसे घेऊन लिहून देणाऱ्याकडं गेलो. त्यानं असं काही लिहिलं, की मीच मला ओळखू येईना. शेवटी लेकीनं मोबाइलवरचा तयार नमुना घेतला आणि एकेक रकाना विचारून भरला.

"तुमच्या कामाची खात्री कोण देईल?"

"राजय्या मास्तर. त्यांनीच शिकवलं."

"ते तर वारले की."

"मग नावाच्या आधी कै. लाव."

मुलाखतीत साहेब त्या नावावर थांबले. "यांना फोन कसा लावू?"

"लागणार न्हाय, साहेब. पण हातातलं काम त्यांचं हाय, दुसऱ्याचं नाव कसं लिहू? नुसत्या आवाजावरून मागाचा बिघाड ओळखायला त्यांनी शिकवलं."

साहेब मला शेडमध्ये घेऊन गेले. दहा-बारा माग चालू होते, आडवं सूत नेणारे धोटे खटाखट पळत होते. मी डोळे मिटून उभा राहिलो.

"उजवीकडून तिसरा. धोटा आपटतोय, पट्टा सैल झालाय."

तिथल्या फिटरनं जाऊन बघितलं आणि मान डोलावली.

साहेबांनी पेन काढलं. मला वाटलं, आता मास्तरांचं नाव खोडतील. त्यांनी नावासमोर लिहिलं, "खात्री केली."