कचरा कमी पडतोय

अहो, कचरा कमी पडतोय म्हणून बोलणी खाल्लेला माणूस बघितलाय कधी? नाही ना? मग बघून घ्या, समोर उभा आहे! तुम्हाला सांगतो, मुलीनं पाठवला हो तो डबा... ओल्या कचऱ्याचं खत करायचा. ती परगावी, मी इथं एकटा, आणि तिची आई गेल्यापासून माझी काळजी पार्सलनं येते. आधी बांबूचा टूथब्रश, मग माझे श्वास मोजणारं घड्याळ, आणि आता हा डबा, कमरेएवढा! "बाबा, पृथ्वीसाठी काहीतरी करा." बरं, करतो. नाहीतरी दिवसभर काय करत होतो?

तर त्यात साली टाकायच्या, वर भुसा, आणि डबा आतून गरम झाला की समजायचं, खत होतंय. माझा थंडगार! हेल्पलाइनला फोन लावला. पोरगी गोड आवाजात म्हणते, "सर, घरात मेंबर किती?" म्हटलं, एक. "नाही सर, संध्याकाळी सगळे घरी आल्यावर?" अहो, संध्याकाळीही मीच येतो! मग म्हणाली, "सर, हा डबा चार माणसांचा आहे. तुमचा कचरा कमी पडतोय." आता एका माणसाचा कचरा तो केवढा असणार!

मग काय, चौघांची भाजी आणायला लागलो. सकाळी गाजर, दुपारी काकडी, रात्री पुन्हा गाजर... डॉक्टर खूश, "वा, आहार सुधारलात!" अहो डॉक्टर, मी कुठला जेवतोय, डबा जेवतोय! तरी थंडच. एका माणसाचा कचरा तो केवढा असणार! शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि समोरच्या नर्सबाईंची बेल वाजवली. "बाई, घरात साली आहेत का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं... आत गेल्या आणि ताटलीत पाव घेऊन आल्या! नीट समजावून सांगितलं तेव्हा दाराला टेकून हसत सुटल्या.

आणि मग जे सुरू झालं! सकाळी ड्यूटीवर निघताना नर्सबाई, "काका, कलिंगड होतं हो काल!" वरच्या मजल्यावरचे शिंपीदादा, "घ्या, बायको रुसलीय, दोन दिवस नुसती केळी खातोय." बेल वाजली की मी शर्ट बदलून दार उघडायचो! आत कुणी येत नसे, उंबऱ्यातच दोन शब्द, पण कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाची बदली झालीय, सगळं मला आधी कळायचं. आणि एका सकाळी डब्यात हात घातला तर... ऊब! खरं सांगतो, हात काढवेना.

हे इमारतीच्या सेक्रेटरींच्या कानावर गेलं. बैठक बोलावली, मला पुढची खुर्ची, माझं कौतुक, आणि मग म्हणतात कसे, "काकांचा आदर्श घेऊन प्रत्येक घराला आपापला डबा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या... काय करणार?

झालं! बेल बंद, डबा गार. नर्सबाई जिन्यात भेटल्या, "काका, माझाही गरम होत नाही हो!" कसा होईल? त्याही एकट्याच. एका माणसाचा कचरा तो केवढा असणार! म्हणून परवा माझ्या सगळ्या साली पिशवीत भरल्या, इस्त्रीचा शर्ट घातला, समोरची बेल वाजवली. आतून आवाज, "कोण?" म्हटलं, मी, साली आणल्यात तुमच्यासाठी! "अय्या, थँक्यू काका! दाराला अडकवून ठेवा ना, मी झोपलेय!"

अडकवली आणि आलो परत. आता घरात माझा कचरासुद्धा नाही... बोला!